बिनविजारीचे आजोबा

आमच्या घरमालकांच्या आडनावाचा अर्थ ‘बिनविजारीचा’ असा होता, आणि ही माहिती ते भेटणाऱ्या प्रत्येकाला पहिल्या पाच मिनिटांत देत असत. कुणी विचारलेलं नसताना. मला त्यांनी ती दिली तेव्हा मी अमेरिकेतल्या एडिसन गावातल्या त्यांच्या घराच्या पायरीवर दोन बॅगा घेऊन कुडकुडत उभी होते. ते म्हणाले, आत ये, पण आधी ऐक. मग त्यांनी आपलं लांबलचक रशियन आडनाव उच्चारलं, त्याचे तुकडे केले, एकेका तुकड्याचा अर्थ इंग्रजीत समजावला, आणि शेवटी स्वतःच्या पँटकडे बोट दाखवून म्हणाले, ‘आता परिस्थिती सुधारली आहे.’

ती पँट ते कमरेचा पट्टा आणि खांद्यांवरून जाणारं गॅलिस असं दोन्ही लावून घालत. मी त्यांना नुसत्या पट्ट्यावर कधी पाहिलं नाही. कारण विचारलं की म्हणत, आमच्या घराण्याला अनुभव आहे.

अनुभव असा की त्यांचे पणजोबा रशियातल्या एका जमीनदाराचे गुलाम होते. जमीन विकली की तिच्याबरोबर विकली जाणारी माणसं असत, त्यांतले. अशा माणसांना आडनाव नसायचं, लागायचंही नाही. पुढे सरकारने त्यांना मोकळं केलं आणि मोकळ्या माणसाला कागदावर आडनाव हवं म्हणून कारकून गावोगाव फिरू लागले. कारकून त्यांच्या गावात आला तेव्हा पणजोबा नदीत रुतलेली गाय बाहेर काढत होते आणि त्यांची एकुलती एक विजार काठावर वाळत होती. कारकुनाने दिसलं ते लिहिलं. ही गोष्ट मी इतक्यांदा ऐकली की तिच्यातले बदल मला पाठ झाले. गायीचा कधी घोडा व्हायचा, नदीचं कधी तळं. विजार मात्र प्रत्येक वेळी काठावरच.

आम्ही भाडेकरू त्यांना आजोबा म्हणायचो. हा शब्द त्यांना खालच्या मजल्यावरच्या देशमुखकाकूंनी चिकटवला होता. आजोबांनी तोही तपासून घेतला, अर्थ पटला, मग चालू दिला.

आजोबांचा खरा राग इंग्रजीवर होता. अमेरिकेत आल्यापासून निवृत्त होईपर्यंत त्यांनी एकच काम केलं: येणाऱ्या रशियन लोकांचे जन्माचे, लग्नाचे, मृत्यूचे दाखले इंग्रजीत करून द्यायचे आणि खाली शिक्का मारायचा. गावाचं नाव, तारीख, आईबापांची नावं, सगळ्यांना रकाना असे. आडनावाच्या अर्थाला रकाना नसे. त्यांच्या टेबलावरून लोहार गेले, दळणारे गेले, अस्वलं गेली, लांडगे गेले, पाद्र्यांची पोरं गेली, आणि पलीकडे इंग्रजीत उतरली ती सगळी सारखीच. नुसते आवाज, असं ते म्हणत. त्यातल्या एकाचं आडनाव ‘कुरूप’ या अर्थाचं होतं. पोराला नजर लागू नये म्हणून असं नाव ठेवायची तिकडे पद्धत. मी म्हटलं, आमच्याकडेही आहे, दगडू, धोंडू, उकिरडा. हे ऐकून ते इतके खूश झाले की त्या महिन्यात माझ्या हीटरचं काम लगेच झालं.

त्यांची दुसरी तक्रार अशी, की इंग्रजीत आलं की कुठल्याही रशियन आडनावाला आपोआप विजार चढते, वर कोटही चढतो. बँकेतली मुलगी त्यांचं नाव वाचून विचारायची, तुमचं घराणं सरदारांचं का हो. घरं विकणारी एक बाई म्हणाली होती, किती एलिगंट नाव आहे, बॅलेशी काही संबंध? डॉक्टरकडे गेले तर तो बुद्धिबळाचं विचारायचा. अलीकडे काही वर्षं त्यात गुप्तहेराची भर पडली होती. आजोबा या सगळ्यांना गाय, नदी आणि काठ सांगून खाली आणत. ती माणसं पोट धरून हसत, आजोबाही हसत, आणि घरी येऊन सांगत की आज बँकेत तिघांना सांगितलं.

बायकोबद्दल ते फार बोलत नसत. त्या मी यायच्या बऱ्याच आधी गेल्या. रशियन पद्धतीत बाईचं आडनाव जरा वेगळ्या शेपटाचं असतं. इथल्या एका कार्यालयाने नवराबायकोचं सारखंच हवं म्हणून त्यांनाही पुरुषाचं आडनाव लावलं, आणि त्या जन्मभर, आजोबांच्या शब्दांत, ‘मिशीवाल्या नावाने’ राहिल्या. त्यांना स्वतःला याचं काही वाटत नसे म्हणे. आजोबांना वाटे.

मुलगा दातांचा डॉक्टर होता. पेशंटना उच्चारता येत नाही म्हणून त्याने कोर्टात जाऊन आडनाव कापलं आणि पहिला तुकडा तेवढा ठेवला. आजोबा सांगत, त्या तुकड्याचा अर्थ ‘शिवाय’. माझा मुलगा डॉक्टर शिवाय झाला, कशाशिवाय ते पेशंटनी विचारू नये. मुलगा सणावाराला यायचा, बापाचे दात तपासायचा आणि जायचा. माणूस वाईट नव्हता. बाप गाय-नदी सुरू करणार असं दिसलं की तो गाडी गरम करायला बाहेर जायचा, एवढंच.

आता पाट्यांकडे येते, कारण सगळं त्यांच्यावरच घडलं.

अमेरिकेत घराला नंबर असतो, पाटी नसते. आपल्याकडे माणूस एका खोलीत राहत असला तरी दारावर पाटी लावतो. इथे लाखो डॉलरच्या घरावर नुसता आकडा. आजोबांच्या घरावर मात्र बेलच्या तीन बटणांशेजारी तीन पितळी पाट्या होत्या. शाळेतल्या स्पर्धांचे कप बनवणाऱ्या दुकानातून ते त्या कोरून आणत. वर आडनाव, खाली बारीक अक्षरांत त्याचा अर्थ. नोकरीभर जो रकाना मिळाला नाही तो त्यांनी स्वतःच्या दारावर काढला होता. तळघराच्या पाटीवर ते स्वतः होते, बिनविजारीचे. खालच्या मजल्यावर देशमुख. देशमुखकाका पुण्याचे, आयटीतले, ग्रीन कार्डची वाट पाहून केस पिकलेले. आजोबांनी त्यांच्या आडनावाचे दोन तुकडे करून खाली लिहिलं होतं: ‘देशाचा चेहरा’. काकांनी दुरुस्ती केली नाही. पार्सल देणारा माणूस त्यांना एकदा ‘सर’ म्हणाला तेव्हा काकू म्हणाल्या, बघा, पाटीचा इफेक्ट आहे.

आजोबांचं भाषांतर नेहमी बरोबर असे असं नाही. माझ्या आधी वरच्या मजल्यावर एक नांदगावकर राहत होता. कुणीतरी आजोबांना सांगितलं की ‘कर’ म्हणजे करणारा, म्हणून त्याच्या पाटीवर ‘नांदगाव बनवणारा’ असं होतं. घर सोडताना तो ती पाटी स्क्रूसकट मागून घेऊन गेला.

ते ओक ट्री रोडवर, म्हणजे आपल्या लोकांच्या दुकानांच्या रस्त्यावर, फिरायला जात, ते दुकानांच्या पाट्या वाचायला. तिथे आयसेलिन गावाच्या बाजूला सोनी आडनावाच्या माणसाचं सोन्याचं दुकान आहे, आणि सोनी म्हणजे सोनार हे त्यांना मी सांगितलं. ते त्या दुकानात गेले, मालकाचा हात हातात घेऊन त्यांनी अभिनंदन केलं आणि काहीही न घेता बाहेर आले. म्हणाले, तुमच्या देशात आडनावं अजून नोकरीवर आहेत.

ते खरंच होतं. त्यांना वाटलं होतं त्यापेक्षा जास्त.

इथे मला माझ्याबद्दल थोडं सांगावं लागेल. मी लातूरची, बौद्ध, बाप शाळामास्तर. पुण्यात शिकत होते तेव्हा खोली बघायला गेलं की मालकीणबाई पाणी द्यायच्या आधी आडनाव विचारत. सांगितलं की त्या खोलीत त्यांच्या नात्यातलं कुणीतरी तातडीने राहायला येणार असायचं. पुण्यातल्या माणसांना इतके नातेवाईक असतात हे मला तेव्हाच कळलं. अमेरिकेत आल्यावर म्हणूनच मला सगळ्यात जास्त काय आवडलं असेल, तर ऑफिसात सगळे एकमेकांना पहिल्या नावाने हाका मारतात ते. आपल्या लोकांत मात्र तेच. मराठी माणूस इथेही भेटला की पहिलं नाव विचारतो, छान आहे म्हणतो आणि जरासा थांबतो. ते थांबणं आडनावासाठी असतं. मी माझं आडनाव इथे अजून सांगितलेलं नाही हे तुमच्या लक्षात आलं असेल. तुम्हीही थांबला असाल.

घर भाड्याने घेताना आजोबांनी माझा पगार विचारला नाही, आडनावाचा अर्थ विचारला. आडनाव करारावर होतंच. अर्थ मला माहीत नाही, असं मी सांगितलं. ते म्हणाले, बरं, कळेल तेव्हा सांग, तोवर पाटी कोरी राहील. आणि तिसऱ्या बेलशेजारी त्यांनी खरोखरच एक कोरी पितळी पाटी बसवली. तिच्यावर नाव असतं तर कुणी पाहिलंही नसतं. कोरी होती म्हणून येणारा-जाणारा तिच्यात तोंड बघायचा.

देशमुखकाकूंनी तर पहिल्याच दिवशी विचारलं. चकल्या घेऊन वर आल्या होत्या. ‘अगं, तुझी पाटी ब्लँक का? मूळची कुठली तू?’ मी म्हटलं, लातूरची. काकू दोन क्षण थांबल्या, मग त्यांनी स्वतःच ते कोडं सोडवून टाकलं आणि म्हणाल्या, ‘म्हणजे लातूरकर. आमच्या बिल्डिंगमध्ये एक लातूरकर होते, फार चांगली माणसं.’ मी हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. चकली खाल्ली. त्या दिवसापासून मी काकूंची लातूरकर झाले. ‘लातूरकर, संध्याकाळी पिझ्झा कॅन्सल कर, वरणफळं केलीयेत.’ पत्रं वाटायचं काम आजोबा स्वतः करत आणि ती दाराखालून सरकवत, त्यामुळे माझ्या नावाचं पाकीट काकूंच्या हाती पडण्याचा प्रश्न नव्हता. घरात बुद्धाची मूर्ती होती, पण अमेरिकेत ती सगळ्यांकडे असते, फर्निचरच्या दुकानात लॅम्पशेजारी मिळते. काकूंच्याही हॉलमध्ये एक होती. निळ्या कोटातला फोटो मी बेडरूममध्ये लावला होता.

माझं काय अडलं होतं, असं कुणी विचारेल. घर कुणी काढून घेणार नव्हतं, नोकरी जाणार नव्हती. पण परक्या गावात जिन्यावरून येणारा वरणफळांचा वास आणि ‘आलीस का गं’ ही हाक फार मोठी गोष्ट असते. ती हाक आडनाव कळल्यावर अर्ध्या सुराने खाली येईल, अशी मला भीती होती. पुण्यात ती खाली येताना मी ऐकली होती. बाकी सगळं तसंच राहतं, चहा मिळतो, हसणं मिळतं, फक्त सूर उतरतो. आणि तो उतरलाय असं सिद्ध करता येत नाही.

एका शनिवारी आजोबा वर आले. हातात ड्रिल होतं, चेहरा गोंधळलेला.

‘खालच्या बाई म्हणतात तू लातूर बनवणारी आहेस. करारावर दुसरं नाव आहे.’

मी म्हटलं, त्यांना तेच सोपं पडतं.

‘माझ्या मुलानेही हेच कारण दिलं होतं,’ ते म्हणाले.

हे मला झोंबलं. डॉक्टर शिवायच्या पंक्तीत बसायची माझी तयारी नव्हती. मी त्यांना बसायलाही न सांगता बोलत सुटले.

‘आजोबा, तुमच्या आडनावाचा अर्थ या गावात कुणालाही कळत नाही. म्हणून तुम्ही तो सांगत फिरता. लोक हसतात, तुम्हालाही मजा येते. माझं आडनाव खालच्या मजल्यावर वाचलं की त्यांना सगळं कळतं. मी तोंड उघडायच्या आत.’

‘अर्थ कळतो?’

‘अर्थ नाही. माझी जागा कळते.’

मग मी त्यांना जात काय असते ते सांगितलं. माझ्या ऑफिसच्या इंग्रजीत सांगितलं, त्यामुळे ते एखाद्या सिस्टिममधल्या दोषासारखं वाटत होतं. ते न विचारता माझ्या खुर्चीत बसले. गॅलिसचा एक पट्टा ओढून टप्पकन सोडला. ही त्यांची विचार करायची खूण. मग म्हणाले, ‘इथून पंधरा मिनिटांवर एक रशियन चर्च आहे. तू मला तिथे जाताना पाहिलंस कधी?’

मी नाही म्हटलं. मला वाटायचं त्यांचा देवावर विश्वास नाही.

‘देवाची अडचण नाही,’ ते म्हणाले. ‘प्रार्थनेनंतर चहा असतो. तिथे लोकांना माझं आडनाव कळतं.’

बिनविजारीच्या गोष्टीने बँक हसवणारा हा माणूस स्वतःच्या माणसांच्या चहाला आयुष्यात दोनदा गेला होता. दुसऱ्यांदा एका सरदारघराण्यातल्या म्हाताऱ्या बाईने त्यांचं नाव मोठ्याने, अगदी बरोबर उच्चारलं होतं आणि फक्त साखर पुढे केली होती. बस्स, एवढंच. ती हसलीही नव्हती. त्यांना मला याहून अधिक सांगायची गरज पडली नाही. तो उतरलेला सूर रशियनमध्येही असतो हे ऐकून मला का कोण जाणे, आनंद झाला. नंतर त्या आनंदाची लाज वाटली, पण झाला होता हे खरं.

पुढच्या आठवड्यात माझ्या बेलशेजारी पाटी लागली: लातूरकर. खालची ओळ मोकळी. आयुष्यभर कागदावर आहे तेच उतरवणारा माणूस, आडनाव जरा गोड करून द्या म्हणणाऱ्या कितीतरी गिऱ्हाइकांना दारातून परत पाठवलेला, माझ्यासाठी खोटी पाटी कोरून घेऊन आला आणि त्याने स्वतः तिचे स्क्रू आवळले. काकूंनी विचारलं, आजोबा, हिचा अर्थ कुठे गेला? ते म्हणाले, शोधतोय.

त्या पाटीखाली मी सुखाने राहिले असं म्हणायला हरकत नाही. वरणफळं येत राहिली. हळदीकुंकवाला मला बोलावणं असे, दिवाळीत फराळाचा डबा. काकू माझ्याकडे येत, सोफ्यावर पाय घेऊन बसत, ऑफिसातल्या मॅनेजरला शिव्या घालायला मदत करत. देशमुखकाका मला टॅक्सचं समजावून सांगत. त्यांच्या मायेत काही खोट नव्हती, आणि म्हणूनच ती खोट्या नावाने घेताना घशात अडकायची. काकूंची बेल दाबायची वेळ आली की मी माझ्या पाटीकडे न बघता बोटाने बटण शोधायची. आपण राहतो त्याच घराची बेल दाबायची वेळ तशी येते कधी, किल्ली विसरली तरच. पण मी त्या काळात किल्ली फार विसरायची.

मग एका हिवाळ्यात आजोबा पायरीवर घसरले. हाड जुळलं, पण जिने संपले. मुलाने घर विकायला काढलं आणि त्यांना एका असिस्टेड लिव्हिंगमध्ये नेलं, जिथे म्हाताऱ्यांना खोली, जेवण आणि गोळ्या वेळेवर मिळतात. मी पहिल्यांदा भेटायला गेले तर त्यांच्या दारावर छापील कार्ड होतं आणि त्यावर मुलाचं कापलेलं आडनाव. मुलाने कागद भरले होते, सवयीने स्वतःचंच लिहून गेला. मला वाटलं आता आजोबा इमारत डोक्यावर घेणार. त्यांनी फक्त डोळ्यांनी समोरच्या दाराकडे खूण केली. समोर एक रशियन बाई राहत होत्या, ताठ मानेच्या, मोत्यांच्या कुड्या घातलेल्या. आजोबा हळूच म्हणाले, ‘तिला सगळं कळतं. राहू दे. मी इथे शिवाय आहे.’

ते तिथे कुणालाही गाय-नदी सांगत नव्हते. नर्सेसना माहीत नव्हतं की या खोलीत बिनविजारीचा माणूस राहतो. पट्टा आणि गॅलिस दोन्ही जाऊन त्यांना इलॅस्टिकची पँट आली होती, आणि तिच्यावरही ते काही बोलत नव्हते. त्यांना असं गप्प बघून मला इतकं वाईट वाटलं की मी पार्किंगमध्ये बराच वेळ गाडीत बसून राहिले. दोन माणसं, एकाच घराच्या दोन बेलांवरची, आणि दोघं दुसऱ्याच्या नावाखाली. मला तेव्हा एकदम राग आला. कुणाचा ते नीट सांगता येणार नाही, पण राग आल्यावर मला बरं वाटतं.

त्याच संध्याकाळी मी स्क्रूड्रायव्हर घेऊन दाराशी उभी राहिले. घर विकलं जाणार होतं, पाट्या निघणारच होत्या. आधी आजोबांची काढली आणि पिशवीत ठेवली. मग माझी काढायला घेतली. काकू ग्रोसरीच्या पिशव्या घेऊन आल्या.

‘लातूरकर, काय करतेयस थंडीत?’

मी शेवटचा स्क्रू काढला. म्हटलं, ‘काकू, मी लातूरकर नाही. कधीच नव्हते.’ आणि मी माझं आडनाव सांगितलं. पुण्यातल्या जिन्यांवर सांगायची तसं पुटपुटत नाही. नीट सांगितलं.

काकूंनी पिशव्या खाली ठेवल्या.

‘अगं, माहितीये आम्हाला. तुझ्याकडे गेट-टुगेदर होतं ना, पहिल्या थंडीत, तेव्हा कोट ठेवायला आत बेडरूममध्ये गेले होते मी. फोटो बघितला.’ मग माझ्या खांद्यावर हात ठेवून त्या हळू आवाजात म्हणाल्या, ‘तुला तसं बरं वाटत होतं, म्हणून आम्हीही चालू ठेवलं. आम्ही काही मानत नाही हं तसलं.’

मी हातात पाटी धरून उभी. म्हणजे इतकी वर्षं मी त्यांच्यासाठी लातूरकर होते, आणि त्या माझ्यासाठी मला लातूरकर म्हणत होत्या, आणि आजोबांनी आमच्या दोघींसाठी आयुष्यभराचा नेम मोडला होता. एका पितळी पाटीला, काका धरून, चार माणसांनी मिळून इतक्या प्रेमाने धरून ठेवलेलं मी दुसरीकडे कुठे पाहिलं नाही. सूर उतरला होता का, हे मी मनात मागे जाऊन तपासलं. वरणफळं त्या थंडीनंतरही आली होती. तूप तेवढंच होतं. आणि तरीही, मानत नव्हत्या तर सांगायला काय हरकत होती, हेही मनात आलं. दोन्ही खरं होतं. कुठलं जास्त, ते मला आजही ठरवता आलेलं नाही.

मी म्हटलं, ‘मग आता खऱ्या नावाने हाक मारा.’

‘मारते की,’ काकू म्हणाल्या. आणि पिशव्या उचलून आत जाताना त्यांनी मला इतक्या वर्षांत पहिल्यांदा माझ्या पहिल्या नावाने हाक मारली, आणि चहाला ये म्हणाल्या. मी गेले. चहा चांगला होता.

दुसऱ्या दिवशी आजोबांकडे पिशवी घेऊन गेले आणि सगळं सांगितलं. कोट, फोटो, चालू ठेवलं, मानत नाही. ते उशीला टेकून ऐकत होते. थंडी होती, पायांवर पांघरूण होतं. ऐकून झाल्यावर त्यांनी सवयीने छातीशी हात नेला, तिथे गॅलिस नव्हतं, हात तसाच खाली आला.

‘म्हणजे तिला कळत होतं, आणि जेवण तेच होतं.’

‘जेवण तेच होतं,’ मी म्हटलं.

त्यांनी समोरच्या दाराकडे पाहिलं. मग पिशवीकडे. म्हणाले, ‘लाव.’

मी छापील कार्ड काढलं आणि त्यांची पाटी चिकटपट्टीने दारावर बसवली. वर ते लांबलचक आडनाव, खाली बारीक अक्षरांत अर्थ. आवाज ऐकून समोरच्या बाई दारात आल्या. चष्मा लावून पाटी वाचली. इंग्रजीतली खालची ओळ त्यांना वाचायची गरज नव्हती, वरच्यातच सगळं होतं. त्यांनी आजोबांचं नाव मोठ्याने, अगदी बरोबर उच्चारलं. आजोबांची मान आखडली. मग बाईंनी रशियनमध्ये काहीतरी विचारलं, आणि आजोबा पलंगावर जवळजवळ उठून बसले.

‘काय म्हणाल्या?’ मी विचारलं.

‘विचारतेय, कसा काय,’ ते म्हणाले. ‘म्हणजे विजारीचं काय झालं.’

त्यांनी सांगितलं. दार उघडं ठेवून, रशियनमध्ये, हात वर-खाली करत. मला त्यातलं काही कळलं नाही, पण काठ कुठे आला ते कळलं. बाई ओठ दाबून ऐकत होत्या. शेवटी त्या हसल्या की नाही हे मी नक्की सांगू शकत नाही, पण साखर पुढे केली नाही. दुसऱ्या दिवशी येते म्हणाल्या असं आजोबांनी मला सांगितलं.

त्या गेल्यावर ते माझ्याकडे वळले. ‘आता तुझा अर्थ. माहीत नाही म्हणू नकोस. दाखले करणाऱ्याला खोटं लगेच कळतं, मला पहिल्या दिवशीच कळलं होतं.’

माझा अर्थ मला लहानपणापासून माहीत होता. बाबा सांगायचे. काहींचं आडनाव गावावरून पडलं असेल, आपलं अंगावरच्या वस्तूवरून, असं ते म्हणायचे. माझे पणजोबा गावाचे वेसकर होते, म्हणजे वेशीवर रात्रभर राखण करणारे, आणि गावाने त्यांना दिलेल्या दोनच वस्तू, हातात काठी आणि खांद्यावर घोंगडी. बाबा हे मान वर करून सांगायचे. मी मान खाली घालून ऐकायची.

मी म्हटलं, ‘कांबळे. कांबळं म्हणजे घोंगडी. मेंढीच्या लोकरीची, जाडीभरडी, टोचणारी.’

आजोबा पुढे वाकले. मग त्यांच्या चेहऱ्यावर ते बँकेतलं जुनं हसू आलं, जे मी कित्येक महिन्यांत पाहिलं नव्हतं.

‘आणि हे तू माझ्यापासून लपवलंस,’ ते म्हणाले. ‘तुझा पणजोबा त्या दिवशी नदीवर असता तर त्याने माझ्या पणजोबाला घोंगडी दिली असती. आणि आज आम्ही सरदार असतो.’

त्यांनी मला कप बनवणाऱ्या त्या दुकानाचा पत्ता समजावून सांगितला. पितळ जाड घे म्हणाले. खालच्या ओळीत ‘टोचणारी’ लिहायला विसरू नकोस.